दृष्टांतापलीकडचे फूल

'दृष्टांतपाठा'तला प्रत्येक दृष्टांत तीन पायऱ्यांनी चालतो. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र हे श्रीचक्रधरांचे वचन. दृष्टांत म्हणजे घरातली, रानातली, बाजारातली एखादी घडलेली किंवा घडू शकेल अशी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतून साधकाने काय घ्यायचे याचा उलगडा. केशिराजबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस असे ११४ दृष्टांत एकत्र केले. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्यांच्या या संकलनाची गणना होते. पदव्युत्तर वर्गाला ते शिकवताना एक गंमत दरवर्षी अनुभवास येते. मुलांना आवडतो तो मधला भाग, आणि पाठ होतो तो तिसरा. कारण गुण तिसऱ्याला असतात.

ही सवय केवळ परीक्षेपुरती नाही. ज्ञानदेवांच्या ओव्यांमधून धावणाऱ्या उपमांच्या रांगा, तुकोबांचे दाखले, कीर्तनकारांची आख्याने आणि फडके-खांडेकर-काणेकरांच्या काळात भरभराटीला आलेला लघुनिबंध, या सगळ्यांत वस्तूकडे पाहण्याची एक समान रीत आढळते. वस्तू हाती घ्यायची, तिच्याभोवती चार पावले फिरायचे आणि तिच्यातून जगण्याविषयीचे एखादे सत्य काढून वाचकाच्या ओंजळीत ठेवायचे. या रीतीने मराठीला मोठी श्रीमंती दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि या सगळ्यात त्या वस्तूचे काय होते, हा प्रश्न उरतो. दार्ष्टांतिक हाती आले की दृष्टांताची गरज संपते. शेंगदाणे खाल्ल्यावर टरफले उरावीत तशी वस्तू मागे उरते. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) झाडे झाडे म्हणूनच उभी आहेत. त्या पुस्तकाचे कौतुक आपण पुष्कळ केले, त्याच्या वाटेने चालणारे मात्र थोडेच निघाले.

हे सारे पुन्हा मनात येण्यास निमित्त झाले एका फुलाचे. शर्टाच्या बटणाहून लहान, फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांचे. अँड्रोसेस हे त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव. प्रिम्युलेसी कुलातल्या या प्रजातीत शंभराहून अधिक जाती आहेत आणि युरोपातल्या आल्प्सपासून हिमालय व चीनच्या पर्वतरांगांपर्यंत त्या पसरलेल्या आहेत. इंग्रजीत त्यांना खडकावरची जाई अशा अर्थाचे नाव आहे. वास्तविक जाईच्या कुळाशी त्यांचा काही संबंध नाही. मराठीत त्यांना नावच नाही. आपला सर्वांत उंच डोंगर कळसूबाई, १६४६ मीटरांचा. जेथे झाडे वाढण्याचे थांबते ती वृक्षरेषा सह्याद्रीला माहीतच नाही, तेव्हा वृक्षरेषेच्या वर राहणाऱ्यांना आपल्या भाषेत नाव असण्याचे कारण नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका जुलैमध्ये आम्ही पाचसहा प्राध्यापक गढवालात गेलो होतो. 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' आणि हेमकुंड हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय हौशी पदयात्रिकांचा आता ठरलेला मार्ग आहे, आम्हीही त्याच वाटेने गेलो. घांघरियाहून हेमकुंडाची चढण सुमारे सहा किलोमीटरांची. सुरुवातीला देवदारवर्गातले वृक्ष, मग भूर्ज. कालिदासाच्या विद्याधरसुंदरी ज्याच्या सालीवर प्रेमपत्रे लिहितात तो हाच, हे मी सोबत्यांना सांगितले आणि थोडा भाव खाऊन घेतला. भूर्जही मागे पडले की उरतात झुडपे, गवत आणि खडक. शीख यात्रेकरू नामघोष करीत वर चालले होते, खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि सगळ्यांची नजर वर होती. धुके फाटले की कुठले शिखर दिसते याकडे. वनस्पतिशास्त्राच्या आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सारे महाविद्यालय नुसते 'मॅडम' म्हणते, त्या तेवढ्या वाटेच्या कडेला दोन्ही गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून बसल्या होत्या.

खडकाच्या भेगेत राखाडी-हिरव्या रंगाचा एक गोळा होता, मोठ्या लिंबाएवढा. हाताला घट्ट लागत होता. लोकरीचे मोजे गुंडाळून ठेवावेत तसा. त्याच्या पाठीवर दहाबारा फुले अशी बसली होती की देठ कुठे दिसतच नव्हते. इतिहासाच्या सरांनी खाली वाकून पाहिले आणि लगेच तुकोबांची आठवण काढली. साखर मिळवणारी मुंगी आणि महापुरातून वाचणारे लव्हाळे, हे दोन्ही दाखले एका दमात झाले. मग म्हणाले, "बघा, मोठे वृक्ष खालीच राहिले, ही एवढीशी इथवर आली. नम्रतेचं फळ!"

मॅडमनी भिंग खाली केले नाही. म्हणाल्या, "नम्र कसली हो सर? ही वाकलेली नाहीच. हिची उंचीच एवढी आहे. एवढ्या उंचीत हिनं काय काय केलंय, ते तरी आधी बघा."

मग त्या खडकाशेजारी बसून त्यांनी आम्हांला जे सांगितले, आणि नंतर त्यांनी दिलेल्या पुस्तकांतून मी जे वाचले, त्याचा सारांश असा.

त्या उंचीवर हवेपेक्षा जमिनीलगतचे हवामान अगदी निराळे असते. वारा वर कितीही पिसाटलेला असो, जमिनीपासून चारदोन सेंटिमीटरांत त्याचा जोर ओसरतो. जे झाड या चारदोन सेंटिमीटरांत मावते, त्याला निराळाच ऋतू मिळतो. अँड्रोसेसच्या अनेक जाती हेच करतात. एका मुळापासून शेकडो बारीक फांद्या फुटतात, प्रत्येकीच्या टोकाला पानांचा एक इवलासा गुच्छ असतो, आणि हे गुच्छ एकमेकांना इतके चिकटून वाढतात की वरून एकच गोल पृष्ठभाग दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ या आकाराला उशी म्हणतात. ऊन पडले की ही उशी तापते. आतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहापंधरा अंशांनीदेखील वर जाते. जुनी पाने वाळली तरी गळून जात नाहीत, आतच राहतात. ती स्पंजासारखी पाणी धरतात, हळूहळू कुजतात, आणि उशीच्या पोटात माती तयार होते. ज्या खडकावर माती नाही तेथे ही वनस्पती स्वतःची माती स्वतःच घडवते. तिची वाढ वर्षाला फार तर मिलिमीटरांत मोजावी इतकी, म्हणजे लिंबाएवढी उशी ही कित्येक वर्षांची, प्रसंगी कित्येक दशकांची असते. उंच पर्वतावरचा उन्हाळा दोनतीन महिन्यांचा. तेवढ्यात कळी धरून, फुलून, बी तयार होणे कठीण, म्हणून तेथल्या पुष्कळ वनस्पती पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. बर्फ वितळले की फक्त उघडायचे बाकी असते.

ही युक्ती एकट्या अँड्रोसेसची नाही. अँडीज, न्यूझीलंड, आल्प्स, हिमालय, जेथे जेथे थंडी, वारा आणि ऊन यांची अशी गाठ पडते तेथे तेथे एकमेकींशी काही नाते नसलेल्या वनस्पतींनी हाच आकार घेतला आहे. अशा उशीवजा जातींची जगभरातली मोजदाद सुमारे १३०० आहे, आणि त्या ६३ निरनिराळ्या कुलांतल्या आहेत. वृत्त एकच आणि कवी निराळे, असा हा प्रकार. लडाखमध्ये तर संशोधकांना ६१५० मीटरांवरदेखील फुलझाडांच्या सहा जाती मिळाल्या आहेत. त्या प्रत्येकी नाण्याएवढ्या जागेत संसार थाटून राहतात.

येथवर आलो की मोह होतो तो दुसऱ्या दार्ष्टांतिकाचा. नम्रता नसेल तर स्वावलंबन घ्या. किंवा एकजूट घ्या. शेकडो गुच्छ एकमेकांना बिलगून उभे आहेत, याहून चांगला दाखला कुठला? किंवा औदार्य घ्या. औदार्याचा दाखला तर खराच फार मोहक आहे. अनेक पर्वतांवर असे आढळते की या उशांच्या उबेत, त्यांच्या मातीत आणि ओलाव्यात इतर वनस्पतींचे बी रुजते. उघड्या खडकावर ज्यांचा निभाव लागला नसता त्या येथे वाढतात. उशीला म्हणून दाई म्हटले जाते. पण संशोधकांनी पुढचाही हिशेब मांडला आहे. जगातल्या निरनिराळ्या पर्वतांवर केलेल्या एका पाहणीत, ज्या उशीवर पाहुणे अधिक तिला फुले आणि फळे कमी, असे दिसून आले. आश्रय दिला जातो, त्याची किंमतही मोजली जाते. दिला जातो या क्रियापदात मात्र आपण नकळत एक मन घातलेले असते. तेथे कोणी देत नाही. तेथे ऊब असते, आणि बी येऊन पडते.

दृष्टांताला लागणारी गोष्ट सुटसुटीत असावी लागते. तिच्यातला एकच धागा उचलायचा असतो. या फुलाशी थोडा वेळ घालवला की धागे वाढत जातात आणि कुठलाच एक धागा ओढून सगळे हाती येत नाही. त्याच्या गळ्याशी एक इवले कडे असते. फूल नवे असताना अँड्रोसेसच्या पुष्कळ जातींत हे कडे पिवळे असते. फूल जुने झाले, त्याचे काम उरकले की ते लालसर होते. कीटक पिवळ्याकडे जातात, लालाला वगळतात, पाकळ्या मात्र तशाच राहून झाडाची एकूण शोभा दुरून दिसत राहते. मॅडमच्या भिंगातून मी एकाच उशीवर तीन पिवळी आणि पाच लाल कडी मोजली. बालकवींच्या 'फुलराणी'त फूल ही एक लाजरी मुलगी आहे, तिला प्रीतीची चाहूल लागते आणि तिचे लग्न लागते. मराठीतली ती अवीट गोड कविता आहे आणि तशीच राहो. पण या फुलाच्या गळ्यातला रंग हा लाजेचा रंग नाही. तो एक निरोप आहे, आणि तो आपल्यासाठी नाही.

निरोप आला की भाषेचा विषय निघतो. हेमकुंडाच्या वाटेवर शेवटच्या टप्प्यात ब्रह्मकमळे लागतात, आणि तेथे प्रत्येक मराठी गट थबकतो. "हे ब्रह्मकमळ? मग आमच्या गच्चीवर आहे ते काय?" आपल्याकडे पुण्या-नाशकापासून नागपुरापर्यंत कुंड्यांमध्ये जे रात्री फुलते, ज्याच्यासाठी शेजारपाजाऱ्यांना बोलावून आरती केली जाते आणि ज्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सर्वांना पाठवले जाते, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेले एक निवडुंग आहे. उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि ते हिमालयातल्या उंचीवरच फुलते. म्हणजे नाव डोंगर उतरून खाली आले, आपल्या कुंड्यांत रुजलेही, आणि वनस्पती वरच राहिली. त्या निवडुंगाला आता कोणी दुसऱ्या नावाने ओळखणार नाही, आणि ओळखावे असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही.

या ब्रह्मकमळाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव सोस्यूरिया. साहित्याच्या विद्यार्थ्याचे कान टवकारावेत असेच ते आहे. अठराव्या शतकातले जिनीव्हाचे विद्वान ओरास बेनेदिक्त द सोस्यूर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ पुत्र यांच्यावरून हे नाव ठेवले गेले. हे थोरले सोस्यूर १७८८ साली आल्प्समधल्या मों ब्लां पर्वतसमूहात एका हिममय खिंडीत उपकरणे घेऊन दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिले होते. आणि भाषेतल्या चिन्हकाचा व चिन्हिताचा संबंध यादृच्छिक असतो, भाषेत जे काही आहे ते भेदांमुळे आहे, असे ज्यांनी शिकवले ते फेर्दिनां द सोस्यूर या गृहस्थांचे पणतू. ब्रह्मकमळ हा शब्द गच्चीवरच्या निवडुंगाला चिकटू शकतो याची मीमांसा करणाऱ्याचे घराणे आणि खऱ्या ब्रह्मकमळाचे शास्त्रीय नाव एकच असावे, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

अँड्रोसेसशीही हे घराणे जोडले गेले आहे. आल्प्स हा जगातला सर्वांत कसून धुंडाळलेला पर्वत. दोनअडीचशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यात फिरत आहेत. तरी २०२१ मध्ये तेथल्या उंच कड्यांवरून अँड्रोसेसच्या तीन नव्या जाती नोंदवल्या गेल्या. नवे कोणाला काही सापडले नव्हते. ज्या फुलांना आजवर ओळखीच्या जातींत गणले जात होते, त्यांच्या जनुकांची तुलना केल्यावर ती निराळी निघाली. मग पुन्हा बारकाईने पाहिल्यावर पानांवरच्या लवेतही फरक दिसू लागला. त्यांतल्या मों ब्लां परिसरातल्या एका जातीला या थोरल्या सोस्यूरांचे नाव दिले आहे. पोथ्यांचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही कथा परिचयाची वाटेल. एकच संहिता मानून ज्या प्रती एका गाठोड्यात बांधल्या होत्या, त्या समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्यावर तीन स्वतंत्र परंपरा निघाव्यात, तसे हे झाले. लहानपणामुळे भेद नाहीसे होत नाहीत. ते पाहायला जवळ जावे लागते, इतकेच.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये पिझ लिनार्ड नावाचे ३४१० मीटर उंचीचे शिखर आहे. १८३५ मध्ये ऑस्वाल्ड हेर हे निसर्गशास्त्रज्ञ त्यावर चढले आणि माथ्यावर त्यांना फुलझाडाची एकच जात आढळली. ती अँड्रोसेसचीच एक जात होती, आल्प्समधली, गुलाबी फुलांची. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत अनेक अभ्यासक त्याच माथ्यावर गेले आणि त्यांनी पुन्हा पुन्हा मोजणी केली. २०११ मध्ये तेथे सोळा जाती होत्या.

एकाच्या सोळा. कोणत्याही वार्षिक अहवालात हा आकडा अभिमानाने छापला जाईल. ओसाड शिखर बहरले, असे त्याचे शीर्षक होईल. आकडे वाचणे हेदेखील वाचनच असते, आणि तेथेही संदर्भ पाहावा लागतो. हे नवे पंधरा आले कोठून? खालून. अगदी अलीकडे आलेल्या पुष्कळशा जाती खालच्या गवताळ उतारांवरच्या आहेत. हवा उबदार होत चालली तशा त्या वर सरकत आहेत. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आढळले की २००७ ते २०१६ या दशकात शिखरांवर नव्या जाती पोहोचण्याचा वेग १९५७ ते १९६६ या दशकाच्या पाचपट झाला होता, आणि हा वेग तापमानवाढीच्या वेगाशी जुळत होता. हिमालयाचीही दिशा याहून वेगळी नाही. १९९३ ते २०१८ या काळातली उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे तपासून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले की हिंदुकुश-हिमालयात ४१५० ते ६००० मीटरांच्या पट्ट्यात हिरवे आच्छादन वाढले आहे.

येथे तुकोबांच्या लव्हाळ्याचा दाखला उलटा होतो. महापूर आला की मोठी झाडे जातात आणि लवणारे वाचते, हे पुराबाबत खरे आहे. पण या उशीला पुराची भीती कधीच नव्हती. थंडी, वारा, उपासमारीची माती, आठनऊ महिन्यांचे बर्फ, या सगळ्यांत ती सुखरूप होती. किंबहुना या सगळ्यांमुळेच सुखरूप होती. कारण ज्यांना हे सोसवत नाही ती उंच, भराभर वाढणारी, रुंद पानांची झाडे खालीच थांबत होती. तिला सावली सोसत नाही. शेजारी वीतभर उंचीचे गवत उभे राहिले की तिचे ऊन जाते, आणि ऊन गेले की तिने युगानुयुगे रचलेली सगळी युक्ती वाया जाते. संकटांनी तिचे रक्षण केले होते, आणि आता ती संकटेच ओसरू लागली आहेत. ती वर सरकू शकते. पण शिखरावर राहणाऱ्याला वर म्हणजे कोठे?

पिझ लिनार्डवर ती अजून आहे, हेही सांगितले पाहिजे. सोळांमध्ये ती आहे आणि पहिल्या रहिवाशांपैकी काहींबरोबर अजून ठळकपणे आहे. अशा दीर्घायुषी वनस्पती प्रतिकूल दिवस आल्यावरही बराच काळ तग धरतात. त्यांचे जाणे दिसायला दशके लागतात. म्हणून जाती वाढल्या हे वाक्य आज खरे असते आणि त्याच वाक्याच्या पोटात उद्याची घट असू शकते.

'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'ची कथा यासोबत वाचण्याजोगी आहे. फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना त्या भ्यूंदार खोऱ्यात उतरले, १९३७ मध्ये पुन्हा आले आणि १९३८ मधल्या त्यांच्या पुस्तकाने त्या खोऱ्याला जगभर नाव मिळवून दिले. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथली चराई थांबवली गेली. त्यानंतर स्थानिक लोक जिला अमेला म्हणतात ती पुरुषभर उंचीची, दाट वाढणारी वनस्पती खोऱ्यात पसरत गेली. तिच्या सावलीत लहान फुलझाडे गुदमरतात, म्हणून वन विभागाला ती उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागतात. चराईबंदीच याला कारण झाली की आणखी काही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मेंढरे हटवली की फुले वाचतील, हे विधान कागदावर निर्दोष होते. लहान वनस्पतीच्या बाबतीत शत्रू कोण आणि रक्षक कोण हे इतक्या सहजी ठरत नाही, एवढे तरी यातून दिसते.

या ठिकाणी दार्ष्टांतिकाचा प्रश्न माझ्यापुरता केवळ वाङ्मयीन राहत नाही. लहान ते टिकते, नम्र ते वाचते, हा बोध जर आपण या फुलाला चिकटवला तर त्यातून एक सोयीस्कर निश्चिंती निघते. जे स्वभावतःच चिवट आहे त्याची काळजी करण्याचे कारण काय? ज्याने हिमयुगे पाहिली त्याला दोन अंशांचे काय? फुलाला सद्गुण बहाल करून आपण त्याच्याविषयीच्या जबाबदारीतून सुटतो. वस्तूला दृष्टांत करण्यातला धोका हा असा आहे. दृष्टांत कधीच मरत नाही, आणि त्यामुळे वस्तू मेली तरी कळत नाही. ब्रह्मकमळाचे नाव आपल्या कुंडीत सुखाने फुलत असताना खऱ्या ब्रह्मकमळाचे काय चालले आहे याची चौकशी करायला कोण जाईल?

गेल्या वर्षी वर्गात मी हे थोडेसे बोललो, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग फुलाबद्दल लिहायचं तरी काय? सगळं मॅडमच्या पुस्तकात असतंच की." प्रश्न योग्य होता. आमच्या मराठीच्या पदव्युत्तर वर्गात त्या वर्षी नऊ मुले होती. या संख्येचा आणि त्या उशीचा संबंध जोडून एक हृद्य परिच्छेद लिहिता येईल, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तो मी लिहिणार नाही. आमच्या विभागाची कारणे निराळी आहेत, आणि त्या फुलाला आमचे दुःख वाहायला लावणे योग्य नव्हे. त्या मुलीला मी एवढेच सांगितले की मॅडमच्या पुस्तकात जे आहे ते माहीत करून घेतल्यावर जे पाहावेसे वाटते, ते लिही. कडे पिवळे की लाल हे माहीत असलेला माणूस निराळे पाहतो. त्याने उपमा दिली तरी ती फुलाजवळ थांबते.

कारण उपमेवाचून लिहिता येत नाही, हे मलाही मान्य आहे. उशी हीदेखील उपमाच आहे, दाईही उपमाच. वनस्पतिशास्त्रज्ञांनासुद्धा तिच्यावाचून चालत नाही. वर पोथ्यांची उपमा मी स्वतःच वापरली. ज्ञानदेवांच्या उपमा वाचताना मला नेहमी असे वाटते की त्यांतली वस्तू टरफल होऊन मागे पडत नाही. अर्थ सांगून झाल्यावरही ओवी तिच्याभोवती रेंगाळत राहते. म्हणजे परंपरेत दोन्ही वाटा आहेत. एकीवर वस्तू अर्थासाठी खर्ची पडते, दुसरीवर अर्थ झाल्यावरही वस्तू शिल्लक उरते. दुसरी वाट अवघड आहे, तिला वेळ लागतो आणि माहितीही लागते. पण आता ज्या काळात आपण लिहितो आहोत, त्यात वस्तू शिल्लक उरणे ही केवळ शैलीची बाब राहिलेली नाही.

मराठीत या फुलाला नाव द्यावे काय, असे मी मॅडमना विचारले होते. मनात 'शिळाजुई' वगैरे काही तयारही होते. त्या म्हणाल्या, "द्या की. पण ज्याला नाव दिलं त्याची वर्षातून एकदा तरी खबर घ्यावी लागते." नाव अजून दिलेले नाही. खबर मात्र घेतो. त्यांच्याकडे येणारी नियतकालिके चाळतो, कुठल्या शिखरावर किती जाती झाल्या ते पाहतो, वाढलेल्या आकड्यापाशी थोडा थांबतो.

हेमकुंडाची वाट ऑक्टोबरात बंद होते. नंतर सातआठ महिने त्या खडकावर बर्फ असते आणि तिकडे कोणी जात नाही. बर्फाखाली त्या भेगेतल्या उशीत, पानांच्या गुच्छांच्या मध्यभागी, टाचणीच्या डोक्याहून बारीक कळ्या तयार असतात. त्या सरलेल्या उन्हाळ्यात घडलेल्या असतात. त्या उन्हाळ्यात जितके ऊन मिळाले, शेजारी जितकी सावली पडली, तितक्या.